खारवट पाण्यावरची जमीन पाणी का जिरवेनाशी होते: बिघाड ओळखण्यासाठी आणि सुधारण्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

खारवट पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीची तक्रार बहुधा पहिल्या चांगल्या पावसानंतर सुरू होते. कोरड्या हंगामात तेच मचूळ पाणी सरीतून नीट मुरत असते आणि पीकही बरे असते. मग पाऊस होतो, आणि त्याच शेतात पाणी तासन् तास उभे राहते, गढूळ होते, आटल्यावर वर गुळगुळीत पापडी धरते आणि उगवणारे कोंब त्या पापडीखाली अडकून मरतात. दोष साहजिकच पावसाच्या जोराला किंवा चुकलेल्या मशागतीला दिला जातो. प्रत्यक्षात जमिनीची घडण आतून आधीच सैल झालेली असते. सिंचनाच्या पाण्यातल्या क्षारांनी तिला तोवर कसेबसे धरून ठेवलेले असते, आणि पावसाच्या गोड पाण्याने तो आधार काढून घेतला की ती ढासळते. हा क्रम ध्यानात आला नाही तर पुढचे सगळे उपाय उलट्या क्रमाने होतात, म्हणून आधी तो नीट समजून घेऊ.

मातीच्या आत काय घडते

चिकणमातीचे कण अतिशय पातळ पत्र्यांसारखे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत भार असतो. या भाराला धरून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम यांचे धनभारित आयन कणांभोवती गोळा होतात. कॅल्शियमवर दोन भार असतात, त्यामुळे तो कणाला घट्ट चिकटून राहतो, शेजारच्या पत्र्यांना जवळ आणतो आणि त्यांतून रवाळ, सच्छिद्र माती तयार होते. सोडियमवर एकच भार असतो आणि त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंचे जाड कडे असते. तो कणापासून दूर पसरून राहतो आणि पत्र्यांमधले अंतर वाढवतो. सोडियमचा वाटा वाढला की माती आधी फुगते, आणि पुढे तिचे पत्रे एकमेकांपासून सुटून पाण्यात तरंगू लागतात.

मात्र या सुटण्याला एक मोठी अट आहे. कणांभोवतीच्या पाण्यात एकूण क्षार भरपूर असतील, तर आयनांचे ते पसरट आवरण दाबले जाते आणि सोडियम असूनही पत्रे जवळजवळ राहतात. क्वर्क आणि स्कोफिल्ड या मृदाशास्त्रज्ञांनी १९५५ साली हेच प्रयोगाने दाखवले: मातीतल्या सोडियमच्या प्रत्येक प्रमाणासाठी पाण्यात क्षारांची एक किमान तीव्रता लागते, आणि पाणी तिच्याहून गोड झाले की जमिनीची पाझरक्षमता घसरू लागते. म्हणजे क्षारांचे एकूण प्रमाण आणि सोडियमचा त्यातला वाटा या दोन गोष्टी जमिनीच्या घडणीवर परस्परविरुद्ध परिणाम करतात. पहिली मातीला बांधते, दुसरी तिला सोडते. पिकाच्या दृष्टीने मात्र पहिलीही घातकच असते, कारण खारट द्रावणातून पाणी ओढून घेताना मुळांना जास्त जोर लावावा लागतो आणि ओल असूनही पीक तहानलेले राहते. जमीन खारवट असणे आणि जमीन चोपण (सोडियमने घडण मोडलेली) असणे हे दोन वेगळे आजार आहेत, ते याच कारणामुळे. पहिल्यात पाणी मुरते पण पिकाला घेता येत नाही, दुसऱ्यात ते मुरतच नाही.

सुटलेले पत्रे पाण्याबरोबर थोडे खाली जातात आणि मोठ्या छिद्रांच्या तोंडाशी अडकून बसतात. अरुंद नळीतून होणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्यामुळे एखाद्या छिद्राची रुंदी निम्मी झाली तरी त्यातून जाणारे पाणी सोळाव्या हिश्श्यावर येते. शेत पाहता पाहता बंद होते ते या हिशेबामुळे. यासाठी सगळी छिद्रे बुजावी लागत नाहीत, मोजकी मोठी छिद्रे अरुंद झाली तरी पुरते.

पहिली पायरी: पाण्याचा नमुना आणि अहवालाचे वाचन

पंप निदान अर्धा तास चालू ठेवावा, म्हणजे पाइपात साचलेले पाणी निघून जाईल. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोनतीन वेळा विसळावी, काठोकाठ भरावी आणि बूच घट्ट लावून सावलीत, शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. बाटलीत हवा राहिली किंवा नमुना बरेच दिवस उन्हात पडला, तर बायकार्बोनेटचे काही प्रमाण कॅल्शियमबरोबर चुन्याच्या रूपात तळाशी बसते आणि नेमके आपल्याला हवे असलेले दोन आकडे चुकतात.

विद्युत वाहकता, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि क्लोराइड इतके तपासून घ्यावे. केवळ वाहकता आणि सामू (पीएच) सांगणारा अहवाल या कामासाठी अपुरा आहे. आकडे मिलिग्रॅममध्ये आले असतील तर कॅल्शियमला २०ने, मॅग्नेशियमला १२.२ने, सोडियमला २३ने आणि बायकार्बोनेटला ६१ने भागावे, म्हणजे ते मिलिइक्विव्हॅलंट (आयनांचे वजन नव्हे, त्यांचा विद्युत भार मोजणारे एकक) प्रति लिटरमध्ये येतात. पुढचे सगळे गणित याच एककात आहे.

वाहकता डेसीसायमन प्रति मीटर या एककात १ असेल, तर लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. हे पाणी वर्षभरात एकूण एक मीटर खोलीइतके दिले, तर हेक्टरी सुमारे ६.४ टन क्षार जमिनीत जातात. पीक त्यांतले फारच थोडे उचलते.

सोडियम शोषण गुणोत्तर, ज्याला अहवालात एसएआर म्हणतात, ते काढण्यासाठी कॅल्शियम व मॅग्नेशियमची बेरीज निम्मी करावी, तिचे वर्गमूळ घ्यावे आणि सोडियमच्या आकड्याला त्याने भागावे. तिसरा आकडा अवशिष्ट सोडियम कार्बोनेटचा, म्हणजे आरएससीचा. कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियमची बेरीज वजा केली की तो मिळतो. तो १.२५च्या आत असेल तर काळजीचे कारण नाही, २.५च्या वर गेला तर ते पाणी सुधारणा केल्याशिवाय वापरू नये. आरएससी जास्त असलेल्या पाण्यातला कॅल्शियम जमिनीत चुना होऊन बसतो आणि मागे सोडियम एकटा उरतो. म्हणजे अहवालातल्या एसएआरपेक्षा जमिनीला प्रत्यक्ष भोगावा लागणारा एसएआर मोठा असतो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर ठेवू. समजा पाण्यात सोडियम २४, कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून ८, बायकार्बोनेट १२ आणि वाहकता ३.२ आहे. निम्मी बेरीज ४, तिचे वर्गमूळ २, म्हणून एसएआर १२. आरएससी १२ वजा ८, म्हणजे ४.

एअर्स आणि वेस्टकॉट यांनी अन्न व कृषी संघटनेसाठी १९८५ साली दिलेल्या मर्यादा इथे उपयोगी पडतात. एसएआर ० ते ३ असेल तर वाहकता ०.७च्या वर असताना पाणी मुरण्यात अडचण येत नाही. एसएआर ३ ते ६ असेल तर १.२, ६ ते १२ला १.९, १२ ते २०ला २.९ आणि २० ते ४०ला ५ इतकी वाहकता त्यासाठी लागते. तीव्र त्रासाची सीमा याच क्रमाने ०.२, ०.३, ०.५, १.३ आणि २.९ अशी आहे. वाहकता त्याखाली गेली की जमीन हमखास बंद होते. पहिल्या गटाकडे नीट पाहिले तर कळते की सोडियम जवळजवळ नसलेले, पण फारच गोड पाणीही मुरण्याला अडथळा करू शकते.

आपल्या उदाहरणातले पाणी घडणीच्या दृष्टीने आज सुरक्षित दिसते, कारण त्याची वाहकता ३.२ आहे. आता कोणी म्हणेल, पाणी खारट आहे तर त्यात तितकेच गोड पाणी मिसळावे. मिसळून पाहू. सोडियम १२ झाला, कॅल्शियम व मॅग्नेशियम ४ झाले, वाहकता १.६वर आली, पण एसएआर मात्र ६ न होता ८.५ राहिला, कारण भाजकात वर्गमूळ आहे. एसएआर ६ ते १२च्या गटात सुरक्षिततेला १.९ वाहकता लागते आणि आपल्याकडे उरली १.६. पीक या मिश्रणावर खूश होईल, पण जमीन हळूहळू आवळू लागेल. पाण्याची सरमिसळ करण्याचा सल्ला फार सहज दिला जातो. माझ्या मते हे गणित केल्याशिवाय तो देऊ नये आणि घेऊही नये.

पाऊस म्हणजे याच सरमिसळीचे टोक. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यातच जमा असतात, त्यामुळे वरच्या थरातले द्रावण काही तासांत गोड होते. कणांना चिकटलेला सोडियम मात्र तितक्या झटपट सुटत नाही, आणि एसएआर १२च्या पाण्याशी समतोल झालेल्या मातीत तो विनिमयक्षम (कणांना चिकटलेल्या, अदलाबदल होऊ शकणाऱ्या) आयनांच्या साधारण १४ टक्के असतो.

दुसरी पायरी: बरणीतली परीक्षा

ही परीक्षा फुकट होते आणि प्रयोगशाळेच्या अहवालाइतकीच बोलकी असते. मृदाशास्त्रज्ञ इमर्सन यांनी १९६७ साली मांडलेल्या चाचणीचे हे घरगुती रूप आहे. शेताच्या वरच्या थरातली आणि ३० सेंटिमीटर खालची माती वेगवेगळी घ्यावी, सावलीत पूर्ण सुकवावी आणि हरभऱ्याच्या दाण्याहून लहान, सुमारे चारपाच मिलिमीटरची ढेकळे निवडावीत. पसरट काचेच्या भांड्यात बोटभर खोल, साठवलेले पावसाचे किंवा बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी घ्यावे. तीन ढेकळे एकमेकांपासून दूर, हलकेच तळाशी सोडावीत. त्यानंतर भांड्याला धक्का लावायचा नाही.

पहिल्या काही मिनिटांत ढेकूळ विरून त्याचा बारीक रव्यासारखा ढीग झाला आणि भोवतीचे पाणी नितळच राहिले, तर ते नुसते फुटणे आहे. ते सेंद्रिय पदार्थाच्या कमतरतेचे लक्षण आहे, सोडियमचे नव्हे. याउलट ढेकळाच्या कडेने दुधाळ धुक्यासारखे वलय पसरू लागले, दहा मिनिटांत ते तळावर सरपटत गेले आणि दोन तासांनी शेजारच्या वलयाला जाऊन मिळाले, तर मातीचे पत्रे सुटत आहेत. वीस तासांनी पुन्हा पाहावे. सगळे भांडे गढूळ होऊन मध्ये फक्त वाळूचे कण उरले असतील तर चोपणपणा तीव्र आहे.

आता दुसरे भांडे घेऊन हीच परीक्षा आपल्या सिंचनाच्या पाण्यात करावी. पावसाच्या पाण्यात वलय उठते आणि विहिरीच्या पाण्यात उठत नाही, असा फरक दिसला तर या लेखाच्या सुरुवातीला सांगितलेले दुखणे तुमच्या शेतात आहे. तिसऱ्या भांड्यात, लिटरभर पावसाच्या पाण्यात दोन ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम पुरवणारे कॅल्शियम सल्फेट) ढवळून विरघळवावे आणि त्यात ढेकळे सोडावीत. पाणी नितळ राहिले, तर जिप्समचा उपयोग होईल हे खर्च करण्याआधीच कळते.

तिसरी पायरी: पाणी कुठे अडते ते शोधणे

सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचे लोखंडी कडे १० सेंटिमीटर जमिनीत ठोकावे, आतली माती आधी एकदा भिजवून घ्यावी, कारण भेगाळलेली कोरडी माती सुरुवातीला भरमसाट पाणी पिते आणि मोजणी फसवते. मग पट्टी उभी करून तासागणिक पातळी किती उतरते ते लिहावे. मुरण्याचा वेग तासाला ३ मिलिमीटरच्या आत असेल तर तो कमी समजतात, १२च्या वर असेल तर चांगला. दोन कडी शेजारी ठोकून एकात सिंचनाचे आणि दुसऱ्यात पावसाचे पाणी घातले, तर बरणीतला फरक शेतातही दिसतो.

यानंतर एक मीटर खोल खड्डा खणावाच. पाणी वरच्या पापडीवर अडते, नांगराच्या तळाखालच्या घट्ट थरावर अडते, की खालची भूजलपातळीच वर आली आहे, हे खड्ड्याशिवाय समजत नाही, आणि या तिन्हींचे इलाज वेगळे आहेत. भूजल दीड-दोन मीटरच्या आत असेल तर ते केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांतून, वर चढत राहते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. अशा शेतात वरून कितीही सुधारणा केली तरी ती टिकत नाही. खड्ड्यातूनच ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर असे मातीचे थरवार नमुने घ्यावेत. अहवाल आल्यावर वाहकता संपृक्त अर्काची (माती पाण्याने पुरती भरेल इतकेच पाणी घालून काढलेल्या अर्काची) आहे की एकास अडीच प्रमाणात पाणी मिसळून मोजलेली आहे, ते विचारून घ्यावे. दुसरा आकडा बराच लहान येतो, आणि पिकांच्या सहनशीलतेच्या मर्यादा पहिल्यावर आधारलेल्या असतात.

मातीतला विनिमयक्षम सोडियम किती टक्क्यांवर गेला म्हणजे जमीन चोपण म्हणावी, याचे उत्तर जगभर एक नाही. अमेरिकेतील रिव्हरसाइडच्या प्रयोगशाळेने १९५४ साली १५ टक्के ही सीमा घातली, ऑस्ट्रेलियात ६ टक्केच धरतात. वरून पडणारे पाणी जितके गोड आणि माती जितकी फुगणारी, तितकी सीमा खाली येते. भारी चिकणमाती असेल तर १५ची वाट पाहू नये.

चौथी पायरी: निचरा, मग कॅल्शियम, मग क्षार धुणे

हा क्रम बदलू नये. बंद झालेल्या जमिनीवर क्षार धुवायला म्हणून जास्तीचे पाणी सोडले, तर ते खाली जात नाही, मुळांचा श्वास कोंडतो, आणि थोडेफार मुरलेच तर क्षार धुतले जाऊन सोडियम मागे राहतो. त्यामुळे जमीन आणखी बंद होते. खारवट आणि चोपण असे दोन्ही दोष असलेल्या जमिनीत ही चूक सर्वांत महाग पडते.

धुतलेले क्षार बाहेर जायला वाट हवी, म्हणून आधी चर किंवा भूमिगत निचरा नळ्या. घट्ट थर असेल तर तो खोल फाळाने फोडावा, पण माती कोरडी असताना. वाफसा येण्याआधी ओल्या मातीत अवजार घातले तर उरलीसुरली छिद्रेही लिंपली जातात. फोडलेल्या भेगेत कॅल्शियम गेला नाही, तर ती काही पावसांत पुन्हा मिटते.

कॅल्शियमचा सर्वांत सोयीचा स्रोत जिप्सम आहे. पाण्यातला आरएससी एक मिलिइक्विव्हॅलंटने कमी करायला १,००० घनमीटर पाण्याला ८६ किलो शुद्ध जिप्सम लागते. म्हणजे हेक्टरी एक सेंटिमीटर पाण्याला ८.६ किलो. आपल्या उदाहरणात आरएससी ४ आहे, तो शून्यावर आणायचा तर सेंटिमीटरमागे ३४.४ किलो, आणि ६ सेंटिमीटरच्या एका पाळीला हेक्टरी सुमारे २०६ किलो. जिप्सम ७० टक्के शुद्ध असेल तर हाच आकडा २९५च्या आसपास जातो. यामुळे कॅल्शियम व मॅग्नेशियम १२ होतात, एसएआर १२वरून ९.८वर येतो आणि वाहकता किंचित वाढते. घडणीसाठी तीही चांगलीच.

मातीत आधीच बसलेला सोडियम काढण्याचा हिशेब वेगळा आहे. १०० ग्रॅम मातीतला एक मिलिइक्विव्हॅलंट सोडियम वरच्या १५ सेंटिमीटर थरातून हटवायला हेक्टरी सुमारे १.९ टन जिप्सम लागते. मातीची आयन धरण्याची क्षमता १०० ग्रॅममागे ४० मिलिइक्विव्हॅलंट असेल आणि सोडियम २० टक्क्यांवरून १०वर आणायचा असेल, तर चार मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे साडेसात टनांच्या आसपास. सगळे एकदम टाकण्याची गरज नसते. लिटरभर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते, त्यामुळे ते दोनतीन हप्त्यांत देता येते. पापडीचा त्रास असेल तर त्यातला काही भाग पावसाआधी मातीवर नुसता पसरून ठेवावा. पावसाचे पाणी तो विरघळवत खाली जाते आणि नेमक्या धोक्याच्या वेळी त्याला थोडी वाहकता मिळते.

जमिनीत चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालते. एक किलो गंधक पूर्ण रूपांतर झाल्यावर सुमारे ५.४ किलो जिप्समइतके काम करते, पण हे रूपांतर जिवाणू करतात, त्यांना ओल, ऊब आणि आठवडे-महिने लागतात. नुसता चुना टाकून मात्र काही साधत नाही, कारण चढ्या सामूच्या मातीत तो विरघळतच नाही. शेणखत, कंपोस्ट आणि पिकांचे अवशेष जिप्समची जागा घेत नाहीत, तरी त्यांचे आच्छादन थेंबांचा मार झेलते आणि कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड चुनखडीतला थोडा कॅल्शियम मोकळा करतो. जिप्समबरोबर ते द्यावेच.

पाणी मुरू लागले की क्षार धुण्याचे प्रमाण ठरवावे. पाण्याच्या वाहकतेला, पिकाला सोसणाऱ्या मातीच्या वाहकतेची पाचपट वजा पाण्याची वाहकता, याने भागायचे. गव्हाची मर्यादा ६ आहे. ३० वजा ३.२ म्हणजे २६.८, आणि ३.२ला त्याने भागले की ०.१२ येतात, म्हणजे दिलेल्या पाण्याचा १२ टक्के भाग मुळांखाली निघून जायला हवा. पिकाला ५० सेंटिमीटर पाणी लागत असेल तर सुमारे ५७ द्यावे लागेल. कांद्याची मर्यादा १.२ आहे. तिथे हाच भागाकार १.१४ येतो. उत्तर एकाच्या वर गेले, याचा अर्थ या पाण्यावर कांद्याचे पूर्ण उत्पादन घेण्याइतके क्षार कितीही पाणी सोडले तरी धुतले जाणार नाहीत. पीक बदलणे हाच तिथला मार्ग.

पाचवी पायरी: पाणी देण्याची रीत

क्षार पाण्याबरोबर चालतात आणि पाणी जिथून उडते तिथे साचतात. सरी-वरंब्यात ते वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतात, म्हणून बी माथ्यावर न टोकता बगलेला टोकावे. ठिबकमध्ये ओल्या गोळ्याच्या कडेला क्षारांचे कडे तयार होते. हलका पाऊस आला की शेतकरी समाधानाने ठिबक बंद करतो, आणि तेवढाच पाऊस ते कडे विरघळवून मुळांशी आणून सोडतो. अशा वेळी ठिबक चालू ठेवावे, जोवर पाऊस क्षार खोलवर नेण्याइतका होत नाही तोवर. तुषार सिंचनाने थेंबांचा मार आणि पानांवर क्षार असे दोन्ही होतात, म्हणून पाणी खारवट असेल तर ते शक्यतो टाळावे.

गोड आणि खारट अशी दोन्ही पाणी उपलब्ध असतील तर ती मिसळण्यापेक्षा आलटून पालटून वापरणे बहुतेक वेळा सोयीचे ठरते: उगवण आणि रोपावस्था गोड पाण्यावर, पुढच्या पाळ्या खारट पाण्यावर. मात्र मातीत सोडियम साचलेला असेल तर गोड पाण्याच्या पाळीआधी जिप्सम पसरणे चुकवू नये, कारण जमिनीच्या दृष्टीने ती पाळी म्हणजे पाऊसच.

नोंदी ठेवताना पाण्याची तपासणी वर्षातून दोनदा, भूजल सर्वांत खाली असताना आणि भरल्यावर, करावी. कड्याची चाचणी त्याच जागी, हंगामाच्या शेवटी एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा घ्यावी. पावसानंतरचा वेग आधीच्या निम्म्यावर उतरत असेल, तर जिप्समचा पुढचा हप्ता पुढच्या पावसाच्या आधी पडायला हवा.